सीटवरची पिशवी

पुण्याहून गोव्याला सायकलने जाणारे शहाणे लोक डिसेंबरात जातात. आम्ही जुलैत गेलो, कारण आमच्यातल्या एका बँकवाल्याची रजा तेव्हाच मंजूर झाली. आजरा सोडल्यापासून पाऊस अंगावरच होता. आंबोलीच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो, सायकली कुंपणाला टेकवल्या, आणि सगळ्यांनी एक अक्षर न बोलता खिशातून पिशव्या काढून आपापल्या सीटवर चढवल्या.

टपरीवाल्या मावशी बघत राहिल्या. "तुम्ही एवढे भिजलाय, मग त्या सीटला कशाला गुंडाळताय?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. सायकलिंगच्या चड्डीतला पॅड एकदा पाणी प्यायला की संध्याकाळपर्यंत सोडत नाही. तसलं बूड कोरड्या सीटवर टेकवलं काय नि ओल्या सीटवर टेकवलं काय. अप्पांचं एक वेळ समजू शकतो. त्यांची सीट चामड्याची, भिजली की ताणते आणि मधोमध झोळी पडते. बाकीच्यांच्या सीटना पावसाचं सोयरसुतक नाही. तरी पिशव्या चढल्याच.

शाळेत सायकल स्टँडवरचा पत्रा सरांच्या स्कूटरींपुरताच होता. आमच्या सायकली उघड्यावर. सीट बहुधा मोठ्या भावाच्या काळातली, कुठेतरी फाटलेली, आतला स्पंज डोकावणारा. अशी सीट फार लबाड असते. वरून हात फिरवा, कोरडी. विश्वासाने बसा, की पचकन पाणी सोडते, आणि खाकी पँटवर तो डाग नेमका जिथे उमटू नये तिथे उमटतो. पुढचे दोन तास वर्गात उठून उत्तर द्यायची सोय नाही.

म्हणून पिशवी. पिशव्यांचं खातं आजीकडे. गादीखाली घड्या घालून ठेवलेल्या असायच्या. साडीच्या दुकानाची जाड पिशवी मागितली की "ती लग्नाकार्याला लागते" हे ठरलेलं. (लग्नाकार्यात ती पिशवी मी कधी पाहिली नाही.) माझ्या वाट्याला दुधाची, धुऊन दोरीवर वाळवलेली. ती सीटला पुरायची नाही, पुढचं टोक उघडंच. मधल्या सुट्टीनंतर तीही जागेवर असेल याची खात्री नसे. पेन नेलं तर चोरी, पिशवी नेली तर नाही, असा स्टँडवरचा अलिखित कायदा होता. आपली गेली की शेजारच्या सायकलची काढायची, त्याने त्याच्या शेजारची. रांगेच्या शेवटी कोण ओलं व्हायचं, देव जाणे.

२०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. बंदी योग्यच आहे, माझी तक्रार नाही. पण त्यानंतर दुकानांतून ज्या कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या मिळायला लागल्या, त्यांतून पाणी गाळून खाली येतं. सीटला त्यांचा काडीचा उपयोग नाही. त्यामुळे जुन्या पिशव्या आता आमच्यात जिवापाड जपल्या जातात. बँकवाल्याकडे तर एका बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानाची आहे. ती तो कुणाला हात लावू देत नाही.

आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याच्या साधारण दहापट. घाटाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा त्यातला बराचसा त्याच दुपारी उरकायचा ठरवल्यासारखा कोसळत होता. पुढचा वळणदर्शक फलक दिसेना. आमच्या सायकलींना डिस्क ब्रेक, अप्पांच्या जुन्या सायकलला रिमवर दाबणारे रबरी. रिम ओली असली की ते आधी नुसतं पाणी पुसतात, मग पकडतात. उतारावर, समोरून एसटी येत असताना, ते 'आधी' फार लांब असतं. शिवाय चिखलाची कचकच लागली की रबर बघता बघता झिजतं.

अप्पा म्हणाले, "मी चालत उतरतो. तुम्ही व्हा पुढे."

बँकवाला म्हणाला, "अप्पा, हळूहळू जाऊ, काही होत नाही."

अप्पांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाला दुसऱ्या एका घाटात असंच कुणीतरी म्हणालं होतं. तो आता सायकल चालवत नाही. चालतोही काठी घेऊन.

मग सगळेच उतरलो आणि सायकली हातात धरून चालायला लागलो. खाली दाणोलीत पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. उसळ-पाव मिळाला.