जाताना साडेअकरा, येताना साडेसहा

ताईकडे टोकियोला जायचं ठरलं आणि तिकिटांचा कागद मी बाबांच्या हातात दिला. चूकच झाली. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, वेळापत्रक दिसलं की त्यांची पेन्सिल निघते. मुंबईहून रात्री आठला सुटून सकाळी साडेसातला नारिता, म्हणजे टोकियोचा विमानतळ. परतीला सकाळी सव्वाअकराला निघून संध्याकाळी पावणेसहाला मुंबई.

"जाताना साडेअकरा तास, येताना साडेसहा? मध्ये घाट आहे का?"

दोन्ही वेळा स्थानिक, जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, असं सांगितलं. बाबांनी समासात वजाबाकी-बेरीज केली. जायला आठ, यायला दहा. आता घाट उलटा झाला!

मग वाऱ्यावर आलो. या वाटेवर दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात, तेही जपानच्या आसपास, त्याचा जोर फार. आमचा प्रवास नेमका जानेवारीतला. विमान हवेत आपल्याच वेगाने जातं, पण ती हवाच पुढे किंवा मागे सरकत असते. बाबांनी "हं" म्हटलं. म्हणजे पटलेलं नाही.

अंतराचं वेगळंच. सरळ रेषेत सुमारे ६,७५० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर शिवणाचा दोरा ताणून धरला तर तो हिमालय ओलांडून तिबेटवरून गेला. विमानातल्या पडद्यावर मात्र आम्ही दक्षिणेकडून, बांगलादेश, म्यानमार, चीन असे चाललो होतो. कारण असं की केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लवकरात लवकर दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं. मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटांचाच असतो. तिबेटची जमीनच सरासरी चौदा-पंधरा हजार फुटांवर. उतरणार कुठे? हे बाबांना चटकन पटलं. "ब्रेकडाऊन झालं तर गाडी बाजूला घ्यायला जागा पाहिजे."

पहाटे त्यांनी मला कोपराने ढोसून उठवलं. पडद्यावर जमिनीवरचा वेग ताशी १,११० किलोमीटर. परतताना जपान सोडल्यावर तोच आकडा ७४०. दोन्ही डायरीत टिपून खाली रेघ ओढली. वाऱ्याचा विषय त्यांच्यापुरता मिटला.

मुंबईत चाकं टेकली तेव्हा मी घड्याळ पुढे केलं. पाच अडतीस. "बघा, सात मिनिटं आधी."

बाबांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. विमान रांगत रांगत जागेवर आलं, थांबलं, पट्ट्यांचा दिवा विझला. मग त्यांनी लिहिलं : १७.५२.

"फलाटाला लागली की पोचली. सात मिनिटं लेट."

नंतर शोधलं. विमानांच्या वेळापत्रकातही वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर लागेपर्यंतच धरतात. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.