मोज्यातलं कुसळ

रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन आलो आणि दुपारभर गॅलरीत मोजे सोलत बसलो. दिवाळी उलटली की गडाच्या उतारावरचं गवत तांबूस होतं. पायवाट सोडून दोन पावलं आत गेलात की मोज्यांचं साळिंदर झालंच म्हणून समजा. हिचं म्हणणं, धुतले की जातात. जात नाहीत. उलट आणखी आत शिरतात, शिवाय बादलीतल्या बनियनलाही वाटा देतात. म्हणून एकेक उपटायचं, हे माझं ठरलेलं. यात कुणी मदत केलेली मला खपत नाही.

लहानपणी हे काम आजीकडे होतं. ओसरीवर पाय पसरून बसायची, माझी चड्डी आणि मोजे मांडीवर. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे बघायची भानगडच नाही, बोटांनी चाचपून काढायची. 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं' ही म्हण शाळेत आली तेव्हा मला वाटलं, दिसायचं कशाला, आजी हातानं काढेल की! काढून झाली की त्यातलं एक ती जिभेला लावून माझ्या तळहातावर ठेवायची. कुसळाची लांब काळपट शेपटी दोरीसारखी पिळलेली असते. ओली झाली की पीळ उलगडतो आणि कुसळ हातावर गिरक्या घ्यायला लागतं. मी किंचाळायचो. ती म्हणायची, "अरं, जागं झालं ते."

तिचं फारसं चुकत नव्हतं. ओलाव्यानं पीळ सुटायचा, उन्हानं आवळायचा, असं करत करत टोक गिरमिटासारखं जमिनीत उतरतं. टोकावरचे केस उलट्या दिशेचे, म्हणजे परतीचा रस्ता बंद. वरून वणवा निघून गेला तरी बी खाली सुखरूप. तेच गिरमिट मेंढीच्या कातड्यात शिरलं तर मात्र तिचे हाल. म्हणून गुरं कोवळं असतानाच हे गवत खातात, कुसळ धरलं की तोंड फिरवतात.

शास्त्रातलं नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थ 'वेगळी दाढी', दुसऱ्याचा लॅटिन अर्थ 'पिळलेला'. एखाद्या तालमीतल्या वस्तादाला शोभावं असं नाव. झाडापाल्यांना शास्त्रातली नावं ठेवणाऱ्या स्वीडनच्या लिनिअसनं १७५३ साली या गवताची नोंद केली (त्यानं ते दुसऱ्याच गणगोतात, दुसऱ्या नावानं बसवलं होतं), तेव्हा राहण्याचं ठिकाण म्हणून लिहिलं, 'भारत'. तसं ते आफ्रिकेत आहे, उत्तर ऑस्ट्रेलियात आहे, टेक्ससात आहे. हवाई बेटांवर त्याला 'पिली' म्हणतात. पिली म्हणजे चिकटणं. तिथले लोक त्यानं घरं शाकारायचे. चिकटण्यावरूनच नाव ठेवलंय म्हणजे तिकडेही कुणाची तरी आजी कुसळं काढत बसत असणार.

पण मला गंमत वाटते ती भावकीची. कृष्णाकाठचा ऊस, माणदेशातला शाळू आणि हे माझ्या मोज्यातलं, तिघं एकाच कुळीचे. हवेतला कार्बन आधी एका ठिकाणी दाटीनं गोळा करून मग वापरायची युक्ती या भावकीकडे आहे, त्यामुळे कडक उन्हातही यांचं बरं चालतं. असली युक्ती जाणणारी गवतं ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी उष्ण मुलखांत भराभर पसरली. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांच्या जुन्या मातीत त्याच्या खुणा सापडल्यात. पुढं वाटण्या झाल्या. उसाला कारखाना मिळाला, मोर्चे मिळाले, दराची आंदोलनं मिळाली. शाळूला हुरडा मिळाला. याला मिळाला डोंगराचा मुरमाड उतार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय.

मुरमाड उतारावरून यानं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं आठवत मोजा संपवला. उपटलेली कुसळं मी नेहमी कठड्यावरून खाली टाकतो, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर. किती वर्षं टाकतोय, हिशेब नाही. या वेळी टाकताना सहज वाकून पाहिलं, तर कुंपणाच्या कोपऱ्यात हातभर उंचीचा तांबूस झुबका. वाऱ्यानं डुलतोय.

हिला अजून दाखवलेला नाही.