ग्रहण लागलेलं पिवळं फुलपाखरू

लेकीकडे लंडनला येऊन महिना होत आला, तेव्हा जावयांनी विचारलं, "आई, अजून काय बघायचं राहिलंय?" राजवाडा, पूल, ते भलंमोठं चक्र, सगळं उरकलं होतं. म्हटलं, "मला एक खोटं फुलपाखरू बघायचंय."

म्हणून आधी नोंदणी करून आम्ही पिकॅडिलीवरच्या बर्लिंग्टन हाऊसमध्ये, लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत गेलो. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणारा लिनियस गेल्यावर त्याचा संग्रह जेम्स एडवर्ड स्मिथनं १७८४ मध्ये विकत घेतला. तो आता इथल्या तळघरात, जाडजूड दाराआड आहे.

मला मात्र दोनच फुलपाखरांशी काम होतं. रंग अगदी गंधकाचा. इंग्रजीत या फुलपाखराला ब्रिमस्टोन म्हणतात, म्हणजे गंधकच. या दोघांच्या पंखांवर काळे ठिपके आणि मागच्या पंखांवर निळसर चंद्र. तेच खोटे.

मूळ नमुना विल्यम चार्ल्टन नावाच्या संग्राहकानं १७०२ मध्ये जेम्स पेटिव्हर नावाच्या औषधविक्याकडे पाठवला. पेटिव्हर फुलपाखरांच्या नादानं झपाटलेला. असलं फुलपाखरू मी हे एकच पाहिलं, असं त्यानं लिहून ठेवलं आणि चित्रही छापलं. पुढे लिनियसनं आपल्या 'सिस्टेमा नॅचुरे' या ग्रंथाच्या १७६७ च्या आवृत्तीत त्याला नवी जात म्हणून नाव दिलं, पापिलिओ एक्लिप्सिस. ग्रहण! तब्बल नव्वद वर्षांनी, १७९३ मध्ये, फाब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाला कळलं की साध्या ब्रिमस्टोनवर कुणीतरी कुंचला फिरवलाय. ब्रिटिश म्युझियमच्या अधिकाऱ्यानं संतापून तो नमुना पायाखाली चिरडला म्हणतात. ड्रॉवरमधले दोन त्याच्या नकला आहेत, आणि त्या विल्यम जोन्सनं केल्या असं मानतात.

इथे मला खरी गंमत वाटते. चेल्सीचा हा जोन्स वाइनचा व्यापारी, पण त्याचा हात असा की त्यानं फुलपाखरांची हजारावर चित्रं रंगवली (ती ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहेत). ती चित्रं बघून फाब्रिशियसनं दोनशेहून जास्त जातींची वर्णनं केली. म्हणजे रंगवलेलं फुलपाखरू पकडणारा फाब्रिशियसच, आणि रंगवलेल्या फुलपाखरांवर विश्वास ठेवणाराही तोच! मी स्वतः जलरंगात फुलपाखरं काढते, म्हणून सांगते, पांढऱ्या-पिवळ्या जातींइतकं छळणारं दुसरं काही नाही. कागद पांढरा, पंख पांढरा, रंग लावायचा तो नुसत्या सावलीला. पिवळा जरा जास्त झाला की हळद सांडल्यासारखं दिसतं.

हळदीवरून आठवलं. आपलं हळदीकुंकू फुलपाखरू याच घराण्यातलं. ठाण्यात आमच्या गच्चीसमोरच्या आंब्यावर बांडगूळ आहे, तिथे त्याच्या अळ्या असतात. ड्रूरी नावाच्या इंग्रज कीटकसंग्राहकानं १७७३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. त्याची हळद आणि कुंकू दोन्ही पंखांच्या खालच्या बाजूला. वरून ते पांढरं, काळ्या शिरांचं. पंख पसरून टाचणी टोचली की नावातला सगळा रंग कागदाकडे तोंड करून बसतो. जोन्स पुष्कळदा वरची नि खालची अशा दोन्ही बाजू काढायचा, ते उगीच नव्हे.

ब्रिमस्टोनचं उलटं. ते बसलं की पंख मिटूनच बसतं, उघडत नाही. म्हणजे ते चंद्र रंगवणाऱ्यानं रंगवले ते टाचणीवरच्या फुलपाखरासाठी.

दोन दिवसांनी लेकीच्या अंगणात आलं की एक! आयव्हीच्या वेलाच्या पानांत शिरलं आणि पानच होऊन बसलं. नातू कुजबुजला, "आजी, याच्या पंखावर चंद्र आहेत का?"

"मिटलेत ना पंख. उडेल तेव्हा बघ."

ते उडालं, पण आमच्या दोघांच्याही नजरेला काही लागलं नाही.