तांबीचा धागा सापडत नव्हता ते तीन दिवस

मुलगी आठ महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. दुसरं मूल चार-पाच वर्षं तरी नको हे दोघांचंही पक्कं होतं, रोजची गोळी माझ्याच्याने होणार नव्हती आणि नुसत्या कंडोमवर दर महिन्याला जीव मुठीत धरून पाळीची वाट बघायची याचा कंटाळा आला होता. आमच्या वस्तीतल्या आशाताईंनी तांबीचं सांगितलं, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवायची कॉपर टी. घरी विषय काढला तर आजेसासू एकदम उठून बसल्या, "काहून वं, ते कायले बसवून राहिली पोटात? छातीत चढते ते."

त्यांचं बोलणं मी उडवून लावलं नाही, कारण ते त्यांच्या अंगावरून गेलेलं होतं. १९६५ मधे सरकारने गावोगाव लूप, म्हणजे तांबीच्या आधीचं तसंच साधन, बसवायला सुरुवात केली, त्यानंतर कधीतरी त्यांनाही बसवला. रक्त थांबेना, लुगडी भिजायची, आणि विचारायला गेल्या तर बसवणारे लोक कधीच निघून गेलेले. नंतर पुन्हा कोणी विचारलंच नाही त्यांना.

म्हणून सरकारी दवाखान्यात गेली तेव्हा मॅडमला आधी हेच सगळं विचारलं. त्यांनी ड्रॉवरमधून एक कॉपर टी काढून माझ्या तळहातावर ठेवली. एवढीशी पांढरी प्लास्टिकची टी, साधारण साडेतीन सेंटिमीटरची, दांडीला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली, खाली दोन धागे. म्हणाल्या, आजींचा लूप नुसत्या प्लास्टिकचा होता, यात काम तांबं करतं, शुक्राणू त्याच्यापुढे टिकत नाहीत. छातीत वगैरे काही जात नाही. बसवताना गर्भाशयाला भोक पडू शकतं पण ते हजारात एखादीला, अंगावर दूध पाजत असेल तर शक्यता वाढते म्हणून त्या आधी नीट तपासून घेतात. आणि भरवशाचं म्हणाल तर पहिल्या वर्षात शंभरातल्या एकीलाही दिवस जात नाहीत. ३८० ए नावाची कॉपर टी दहा वर्षं चालते, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि काढली की दिवस राहायला काही अडचण नाही.

पाळीच्या पाचव्या दिवशी बसवली. मे महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत टेबलावर माझे पाय गार पडलेले. आतून गर्भाशयाची लांबी मोजतात तेव्हा एक जोराची कळ आली, बसवताना दुसरी, तोवर सिस्टर म्हणाल्या झालं. पाच-सात मिनिटं असतील. मग ऑटोने घरी आली आणि दुपारभर कूलरसमोर पडून राहिली, पोट पाळीसारखं दुखत होतं, दुखण्याची गोळी घेतली तर कमी झालं. पुढच्या दोन पाळ्या मात्र चांगल्याच जड गेल्या, सहा-सात दिवस, पॅड दुप्पट. पहिले तीन ते सहा महिने असं होऊ शकतं हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं म्हणून धीर धरला.

पण एक गोष्ट राहून गेली. गर्दी खूप होती, सिस्टरनी हातात कार्ड दिलं आणि पुढचीला आवाज दिला. गर्भाशयाच्या तोंडातून खाली येणारा धागा स्वतः कसा तपासायचा, महिना-दीड महिन्याने दाखवायला यायचं, हे कोणी बोललंच नाही. ते मला दुसऱ्या पाळीनंतर आशाताईंकडून कळलं. शुक्रवारी रात्री हात स्वच्छ धुवून बोट घालून बघितलं तर धागा लागेचना! शनिवारी नाही, रविवारी नाही. मग डोक्यात तेच, की पडून गेली असेल जड पाळीत आणि मला कळलंही नसेल. असं होतं खरंच, शंभरातल्या साधारण पाच जणींची आपोआप बाहेर येते, जास्त करून पहिल्या काही महिन्यांत, आणि अशी बाई आपण सुरक्षित आहोत असं समजून निवांत असते. तीन दिवस नवऱ्याला जवळ येऊ दिलं नाही, झोप नाही, मुलीवर उगाच ओरडली त्याचं अजून वाईट वाटतं.

सोमवारी पुन्हा दवाखाना. आधी लघवीची टेस्ट, निगेटिव्ह. मग सोनोग्राफी. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला, काळ्या-करड्या गर्भाशयाच्या बरोबर मधे एक पांढरी चमकदार रेघ. "ही बघ, जागेवरच आहे. धागा वर गर्भाशयाच्या मुखात गुंडाळला गेलाय, होतं असं." मला रडूच आलं तिथे.

त्या दिवशी त्यांनी दहा मिनिटं बसवून सगळं सांगितलं. धागा लागला नाही किंवा एकदम लांब वाटला, बोटाला कडक प्लास्टिक लागलं तर तपासेपर्यंत कंडोम वापरायचा. पहिल्या वीसेक दिवसांत ताप, घाण वासाचं पाणी, ओटीपोटात खूप दुखणं असेल तर थांबायचं नाही. आणि पाळी चुकली तर लगेच यायचं, कारण तांबी असताना दिवस क्वचितच जातात, पण गेले तर गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असण्याची भीती जास्त असते. गुप्तरोगापासून ती वाचवत नाही, हेही. बायांनो, हे सगळं बसवायच्या दिवशीच विचारून घ्या, गर्दी असली तरी खुर्चीवरून उठू नका.

घरी आली तर आजी दारातच, "आहे का वं जाग्यावर?" आहे म्हटलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग हळूच म्हणाल्या, "आमाले असं कोनी मशीनवर दाखवलं नाही."

कार्ड मुलीच्या लसीकरणाच्या पुस्तकात ठेवलंय. बसवली मे २०२२, काढायची मे २०३२.