उंबऱ्यात अडकणारा चवडा

माझ्या आत्याने निपाणीत जवळजवळ चाळीस वर्षे विड्या वळल्या. मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन ती सकाळी जी बसे, ती दुपारच्या जेवणालाच उठे. गेल्या पावसाळ्यात, वयाच्या ७१व्या वर्षी, तिच्या उजव्या पायातील चप्पल चालताना निसटू लागली. चप्पल सैल झाली असे समजून आम्ही नवी जोडी आणली, तर तीही निसटू लागली. पुढे उंबऱ्याला ठेच लागून ती सोप्यात पडली, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले की टाच टेकते, पण चवडा वर येतच नाही. डॉक्टरांनी याला ‘फूट ड्रॉप’ म्हटले.

गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूस, हाताला लागणारे हाडाचे एक लहान टोक असते. त्याला वळसा घालून जाणारी नस तेथे कातडीच्या अगदी लगत असल्यामुळे तासन्‌तास मांडी घालून किंवा उकिडवे बसल्यास ती दाबली जाऊ शकते, आणि चवडा उचलणारे नडगीचे स्नायू याच नसेवर चालतात. आत्याचे दुखणे यातलेच निघाले. मात्र कमरेत दबलेली नस, मधुमेह किंवा अर्धांगवायू यांमुळेही पाऊल असेच लोंबते, म्हणून कारण कळल्याशिवाय व्यायामाला हात घालू नये. पाऊल एकाएकी लोंबू लागले, सोबत तोंड वाकडे झाले, हातातील शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

व्यायाम शिकवायला येणारा मुलगा कन्नड बोलणारा, त्यामुळे आत्या आजही आकडे ‘ओंदु, येरडु, मूरु’ असेच मोजते. पाठ टेकता येईल अशा, न हलणाऱ्या खुर्चीवर बसून ती टाच जमिनीला लावून ठेवते, चवडा जेवढा येईल तेवढा उचलते, ‘ऐदु’ (पाच) म्हणेपर्यंत धरते आणि सावकाश खाली सोडते. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिले काही आठवडे चवडा बोटभरही हलत नव्हता. तेव्हा जुन्या लुगड्याची रुंद पट्टी तळव्याखालून घेऊन तिची दोन्ही टोके ती हाताने ओढी आणि पायानेही उचलण्याचा प्रयत्न करी. हा प्रयत्न सोडायचा नाही, असे त्या मुलाने बजावून ठेवले होते. तीच पट्टी कॉटवर पाय सरळ पसरून, बोटांना नव्हे तर चवड्याला अडकवून, स्वतःकडे ३० सेकंद ओढून धरली की पोटरी ताणली जाते; एरवी ती आखडून पाऊल आणखीच खाली ओढते. उभ्याने करायचा व्यायाम एकच, तोही स्वयंपाकाच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून आणि घरात कोणीतरी असताना: अंगाचा भार एका पायावरून हळूच दुसऱ्या पायावर न्यायचा. दुखू लागले की थांबायचे.

शेजारणींनी तापलेल्या विटेचा शेक सुचवला होता. तो आम्ही कटाक्षाने टाळला, कारण पावलाच्या वरच्या भागाला तिला स्पर्शच नीट कळत नाही आणि भाजले तरी उमगणार नाही. चपलेऐवजी आता मागे पट्टा असलेली सँडल आहे, आणि बाहेर जाताना पाऊल वर धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा आधार ती बुटात घालते. तिला तो मुळीच आवडत नाही.

इजा झालेली नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर, त्यामुळे सुधारणेचा हिशेब महिन्यांतच करावा लागतो, आणि सगळ्यांची नस पूर्ववत होतेच असे नाही. आठ महिन्यांनी आत्याचा अंगठा वर येतो आणि चवडा थोडासा. विड्या तिने सोडलेल्या नाहीत. फक्त आता ती खुर्चीवर बसते, सूप समोरच्या स्टुलावर असते, आणि अशाने हात चालत नाही ही तिची तक्रार रोज संध्याकाळी ऐकू येते.