बाबा एकदाचे सेटलला जाऊन आले

मंगळवार, मे महिना, रात्रीचे साडेअकरा. बाबा घोरतायत आणि मी पायाला बाम लावून बसलेय. खरं तर आज ते दमायला हवे होते, मी नाही.

आधी नावाचा किस्सा सांगते. गेली चार वर्षं गावाकडचा प्रत्येक माणूस आईबाबांना एकच विचारतो, "काय, लेक सेटल झाली का?" आणि मी इंग्लंडात राहते त्या लीड्सपासून ट्रेनने तासाभरावर एका गावाचं नावच सेटल आहे. बाबा आल्यापासून लंडन बघू, एडिनबरा बघू असं चाललेलं होतं, पण मला वाटलं यांना डोंगर दाखवावा, नाहीतरी शहरात ते "इथं पार्किंगला किती घेतात" एवढंच विचारतात. म्हटलं बाबा, मंगळवारी सुट्टी टाकते, आपण सेटलला जाऊ. त्यांनी लगेच आईला फोन लावून सांगितलं, "अगो, पोरगी सेटल होतेय, मंगळवारी, मी जातोय बरोबर." आईला दोन मिनिटं खरंच वाटलं. नंतर दोघांनाही शिव्या.

स्किप्टन गेलं की खिडकीबाहेरचं चित्र बदलतं. सपाट हिरवं संपून डोंगर सुरू होतात, आणि त्या डोंगरांवर पांढरट करड्या रेघा, वरपासून खालपर्यंत, आडव्या तिडव्या, जणू कुणीतरी पट्टी न घेता वहीवर मारल्यात. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग काचेला नाक लावून म्हणाले, "गो, हे गडगे आहेत."

आणि आहेतच की! मी इतक्या वेळा या भागात आलेय, इंस्टाला फोटो टाकलेत, त्याखाली 'ड्राय स्टोन वॉल' असं लिहिलंय, पण गडगा हा शब्द एकदाही डोक्यात आला नाही. चुना नाही, सिमेंट नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आमच्या संगमेश्वर तालुक्यात काळा नि तांबडा दगड, इथे चुनखडीचा पांढरा, एवढाच काय तो फरक. या यॉर्कशायर डेल्सच्या नॅशनल पार्कात असे पाच हजार मैलांपेक्षा जास्त गडगे आहेत. पुष्कळसे साधारण १७५० ते १८५० च्या दरम्यान घातलेले, सरकारने कायदे करून गावाची सामाईक चराऊ रानं वाटून दिली तेव्हाचे. म्हणजे हद्दी आखायला. बाबा म्हणाले, "म्हणजे इथं पण भावकी आलीच."

स्टेशन एकदम टापटीप, लाल नि क्रीम रंगाचं, फुलांच्या कुंड्या. गाव अडीच हजार वस्तीच्या आसपासचं. मंगळवार मुद्दाम निवडला कारण मंगळवारी तिथे बाजार असतो आणि तो १२४९ सालापासून आहे, म्हणजे राजाने तेव्हा बाजाराची सनद दिली. १२४९! आपल्याकडे तेव्हा यादवांचं राज्य, ज्ञानेश्वरांचा जन्म अजून व्हायचा होता. बाबांना हे सांगितल्यावर त्यांची अपेक्षा फारच वाढली आणि चौकात आलो तर मोजून वीसेक स्टॉल. रोपं, चीज, पाव, मोजे, जुनी पुस्तकं. "आपल्या देवरुखच्या बाजारात ह्याच्यापेक्षा जास्त माणसं नुसती सुकी मासळी घ्यायला असतात," इति बाबा. पण फिरले मात्र सगळीकडे, प्रत्येक रोपाला हात लावून. चीजवाल्या बाईने वेन्स्लीडेल चीजचा तुकडा फ्रूटकेकबरोबर खायला दिला, इथे तसंच खातात, आणि वर "देअर यू गो, लव्ह" म्हणाली. बाबा लाल. मला हळूच विचारतात, "ही मला लव्ह का म्हणतेय?" मी म्हटलं बाबा, यॉर्कशायरमध्ये सगळ्यांना म्हणतात, बस ड्रायव्हर पण म्हणतो. तरी नंतर तासभर स्वारी खुशीत होती. चीजचं पाव किलोचं पाकीटही घेतलं, रुपयात हिशेब न करता, हे पहिल्यांदाच.

गावाच्या पाठीमागे कॅसलबर्ग नावाचा चुनखडीचा मोठा कडा आहे, घरांच्या अगदी डोक्यावर. वर जायला झाडीतून वाट आहे. गुडघे गुडघे करणारे बाबा माझ्याआधी वर. वरून सगळं गाव, स्लेटची छपरं, रिबल नदी, पलीकडे गिगल्सविक गाव. आणि पुन्हा गडगे, शेताशेतात, आणि मधेमधे एकेकटं दगडी गोठ्यासारखं घर, तिथे पूर्वी खाली गुरं नि वर गवत ठेवायचे. आणखी वर डोंगरात व्हिक्टोरिया केव्ह आहे, तिकडे काही गेलो नाही. पण १८३७ च्या सुमारास सापडलेल्या त्या गुहेत पाणघोडा, गेंडा, हत्ती आणि तरस यांची हाडं मिळालीत, सव्वा लाख वर्षांहून जुनी, हे मी सांगितलं. "पाणघोडा? हितं? ह्या थंडीत?" म्हटलं तेव्हा उबदार होतं इथे. त्यावर स्वेटरची चेन वर ओढत ते म्हणाले, "मग चुकलंच आपलं, उशिरा आलो."

आता मुख्य गोष्ट, जी लिहायला मी जागी आहे.

कड्यावरून उतरून आम्ही लँगक्लिफच्या वाटेला लागलो, हे मैलभरावरचं छोटं गाव. वाट शेतांतून जाते, गडग्यातून पलीकडे जायला दगडाच्या पायठण्या काढलेल्या किंवा दोन उभ्या दगडांत एवढीशी फट, माणूस तिरका होऊन जाईल पण मेंढी नाही जाणार. मेंढ्या काळ्या तोंडाच्या, शिंगवाल्या, पाठीवर लाल निळ्या रंगाचे पट्टे, कुणाची कुठली ते कळायला. पिल्लं एवढाली. बाबा मोजायला लागले, तर मला आठवलं की माझ्या ऑफिसातला एक जण इथलाच, त्याने मला इथले मेंढ्या मोजायचे जुने आकडे शिकवलेत: यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिप. इंग्रजीचे नाहीतच ते, जुन्या केल्टिक भाषेतून उरलेत असं मानतात, म्हणजे ती भाषा गेली, मेंढ्यांपुरते आकडे राहिले. बाबा पटकन म्हणाले, "वकट, लेंड, मुंड, नाल." विटीदांडू! त्यातले आकडे पण आपले नाहीत, तेलुगू-कानडीकडचे. शाळेत हे खेळताना कधी कुणी विचारलं नाही की एक-दोन-तीन सोडून हे काय म्हणतोय आपण. मग पुढची दहा मिनिटं आम्ही दोघं त्या वाटेवरून यान टान, वकट लेंड करत चाललोय, समोरून आलेल्या एका जोडप्याने छान रुंद वाट दिली.

पुढे एका वळणावर गडगा पडलेला. चार-पाच हात रुंद खिंडार, दगड गवतात पसरलेले, आणि एक म्हातारा, सत्तरीचा असेल, ते परत रचत होता. बाजूला थर्मास, कुत्रा. त्याने मान वर करून "नाऊ देन" म्हटलं. हे इथलं हॅलो आहे, पण बाबांना वाटलं पुढे काहीतरी प्रश्न येणार, म्हणून ते थांबले. पुढे काही आलंच नाही. मग बाबा "येस" म्हणाले आणि तिथेच उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, जसे गावाला कुणाच्याही चालू कामाशेजारी उभे राहतात तसे. मला लाज वाटायला लागली, म्हटलं चला बाबा. ते ऐकेनात.

मी पहिल्यांदाच नीट बघितलं कसं करतात ते. एक भिंत नसते ती, दोन असतात, समोरासमोर, खाली रुंद आणि वर निमुळत्या होत येणाऱ्या, मधल्या पोकळीत बारीक कपच्या भरायच्या, हाताने, ओतायच्या नाहीत. अर्ध्या उंचीवर लांबलचक दगड आरपार टाकायचे, दोन्ही भिंतींना धरून ठेवायला. सगळ्यात वर चपटे दगड उभे, पुस्तकांसारखे. आणि दगडाची लांब बाजू आत जाते, बाहेर फक्त तोंड दिसतं. बाबा मराठीत हे सगळं आधीच सांगत होते आणि तो म्हातारा नंतर तेच करत होता, अशी कॉमेंट्री. "आता कपची घालील बघ खाली, डुगडुगतोय तो." घातली.

मग म्हाताऱ्याने सहज एका दगडाकडे बोट दाखवलं, द्या म्हणून. बाबा पुढे झाले, आणि दगडाला हात लावायच्या आधी त्यांनी बुटाने तो दोनदा ठोकला, एका बाजूने किंचित उलटवला, वाकून खाली बघितलं, मगच उचलला. म्हातारा बघतच राहिला. दुसऱ्या दगडालाही तसंच. ठोक ठोक, उलटव, बघ, उचल. तिसऱ्याला त्याने मला विचारलं, हे काय करतायत? आता फुरशाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ऐनवेळी आठवेना, मी म्हटलं आमच्याकडे दगडाखाली एक साप असतो, छोटा, फार विषारी, वडील लहानपणापासून असेच दगड उचलतात. म्हातारा गंभीर झाला. मग पुढचा दगड उचलताना त्याने स्वतः बुटाने दोनदा ठोकला. आणि तिघंही हसलो, कुत्रा पण उगाच भुंकला.

अर्धा पाऊण तास गेला तिथे. मी कपच्या भरल्या, माझं नख तुटलं, नोंद करून ठेवते. बाबांनी पाच-सहा दगड बसवले असतील, त्यातला एक म्हाताऱ्याने काही न बोलता काढून फिरवून परत लावला. बाबांनी तो बघितला, मान डोलावली. एवढंच. बाबा कुणाचं ऐकून घेतात हे मी फार कमी वेळा पाहिलंय, काकाचं तर नाहीच.

काकाचं लिहायलाच हवं, कारण दिवसभर तेच माझ्या डोक्यात होतं. आमच्या घराच्या खालच्या अंगाला काकाच्या नि आमच्या हद्दीवर जो गडगा आहे तो दोन पावसाळ्यांमागे ढासळला. तेव्हापासून तसाच. काका म्हणतो मूळचा गडगा हातभर आमच्या बाजूला होता, बाबा म्हणतात तू मोजणी आण. मोजणीचे पैसे कुणी भरायचे यावर सहा महिने. आता गुरं ये-जा करतात, आईची वालीची वेल दोनदा खाल्ली, दोन सख्खे भाऊ गणपतीला एका घरात आरतीला उभे राहतात, पण गडग्यावरून बोलत नाहीत. मी लीड्सवरून व्हिडिओ कॉलवर समजावते, चिऱ्याची सरळ भिंत घाला, मी पैसे पाठवते. त्यावर बाबा "बघू" म्हणतात, म्हणजे नाही.

लँगक्लिफवरून परत येताना मी विचारलं, आपला गडगा मुळात घातला कुणी? म्हणाले, "आबांनी. मी नि तुझा काका कपच्या द्यायचो." पुढे काही नाही.

दुपारी पुढच्या ट्रेनने रिबलहेडला गेलो, पूल बघायला. त्याबद्दल थोडक्यात, कारण झोप येतेय. चोवीस कमानी, चारशे मीटर लांब, बत्तीस मीटर उंच, दगडी खांबांचा, माळावर एकटाच उभा, आणि वारा असा की बाबांची माकडटोपी जाता जाता राहिली. १८७६ मध्ये या लाइनवर पॅसेंजर गाड्या सुरू झाल्या. बांधताना हजारो मजूर बायकापोरांसकट याच माळावर झोपड्या घालून राहिले, कितीतरी अपघातात नि देवीच्या साथीत गेले, जवळच्या चॅपल-ले-डेलच्या चर्चच्या आवारात पुरलेत. १९८० च्या दशकात पूल दुरुस्तीला परवडत नाही म्हणून लाइन बंदच करणार होते. हजारो लोकांनी हरकती नोंदवल्या, त्यात रसवार्प नावाच्या एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता, कारण त्याचंही तिकीट काढलं जायचं म्हणजे तो पॅसेंजरच. १९८९ मध्ये निर्णय फिरला. गार्सडेल स्टेशनवर त्या कुत्र्याचा पुतळा आहे. बाबांना हे अजिबात पटलं नाही. "आपल्याकडे माणसाच्या सहीला विचारत नाहीत."

आणि अर्थातच, "आमचा पानवलचा पूल चौसष्ट मीटर आहे. ह्याच्या दुप्पट." बरोबर आहे ते, रत्नागिरीजवळचा. कोकण रेल्वेत आमची चार गुंठे गेली, त्यामुळे तिच्या प्रत्येक पुलात बाबांचा वाटा असतो.

परतीच्या ट्रेनमध्ये सहा वाजले असतील, गावाला रात्रीचे साडेदहा. मला वाटलं झोपतील, तर आईला फोन लावला. मला वाटलं चीजचं सांगतील, लव्हचं सांगतील. नाही.

"अगो, पडलेल्या गडग्याचे दगड तिथंच आहेत ना?"

स्पीकरवर होता. आई झोपेतून उठलेली. म्हणाली, "अर्धे आहेत. अर्धे मी न्हाणीच्या मागं टाकले, चिखल होत होता."

बाबा बराच वेळ गप्प. बाहेर उजेड होता अजून, मेंढ्या चालल्या होत्या ओळीने.

"बरं," ते म्हणाले. "उरलेले हलवू नको. आणि त्याला सांग, तो पण हलवू नको म्हणावं."

"कुणाला?" आईने विचारलं. तिला माहीत होतं कुणाला.

"त्यालाच गो," म्हणून बाबांनी फोन ठेवला आणि पिशवीतून चीज काढलं.