पेशंटचं नाव: खारी

"पेशंटचं नाव?"

"खारी."

"हे नाव की आडनाव?"

काउंटरमागच्या मुलाची नजर कॉम्प्युटरवरून हलली नव्हती. मी म्हटलं, "कुत्री आहे हो." तेव्हा मात्र त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि काचेवरून माझ्याकडे परत सरकवली. "कुत्र्याचं इथे नाही मिळत, मॅडम. जनावरांच्या दुकानात बघा."

ही गोष्ट १२ ऑक्टोबर २०२५ची, रविवारची. शुक्रवारी वसुबारस. हातात पाच दिवस होते आणि मला वाटत होतं, फटाक्यांच्या भीतीवरचं औषध लिहून घ्यायचं अवघड काम तर कालच उरकलंय.

खारी म्हणजे आमची सहा वर्षांची गावठी कुत्री. रंग खारी बिस्किटाचा, म्हणून नाव तसं. एरवी धीट आहे, रिक्षाच्या अंगावर जाते. पण सुतळी बॉम्ब वाजला की संपलं. कॉटखाली शेवटच्या कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं, तोंडातून लाळ, थरथर इतकी की कॉटच्या पायाला लावलेल्या पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजतं. तीन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाला फराळाचं ताट द्यायला दार उघडलं, तेवढ्या फटीतून सटकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हायवेच्या पलीकडे सापडली. (तेव्हापासून पट्ट्यावर फोन नंबर शिवून घेतलाय. दिवाळीत तो पट्टा रात्रीही काढू नका.)

गेल्या वर्षी एका ओळखीच्यांनी गुंगीचं औषध दिलं होतं, अ‍ॅसप्रोमॅझिन. खारी निपचित पडली आणि आम्ही सुटलो म्हणून निवांत फराळ केला. रात्री जवळ जाऊन बघितलं तर डोळे टक्क उघडे. प्रत्येक धमाक्याला कान हलत होते, पण उठता येत नव्हतं. यंदा जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पोटात गोळा आला: त्या औषधाने शरीर ढिलं पडतं, भीती तशीच राहते. काही कुत्र्यांना तर त्यात आवाज जास्तच टोचतो. म्हणजे पळण्याचाही मार्ग आम्ही काढून घेतला होता.

यंदा त्यांनी तिला तपासून, वजन करून अल्प्राझोलाम, म्हणजे भीती कमी करणारी गोळी, लिहून दिली. डोस इथे लिहीत नाही, विचारूही नका. तो वजनावर, वयावर आणि यकृतावर ठरतो. बाकी दवाखान्यातलं सगळं सुरळीत झालं. अडलं ते पुढे.

तर, जनावरांच्या दुकानात गेले. तिथे शाम्पू, कॅल्शियम, गोचिडांचे पट्टे, मन शांत करणारी म्हणून बिस्किटं, सगळं होतं. औषध नव्हतं. असणारच नव्हतं, कारण ही माणसांचीच गोळी आहे. दुकानदार म्हणाला, "मेडिकलमध्ये मिळेल ना, ताई." मी म्हटलं, मेडिकलवाल्यानेच पाठवलंय. त्यावर तो मनापासून हसला. मला नाही हसू आलं.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर दुसरं मेडिकल. मोठं, एसी, दारात फुगे. फार्मासिस्ट सातनंतर येतात म्हणाले. साडेसात वाजता परत गेले. फार्मासिस्टने चिठ्ठी वाचली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे एचवन आहे." जणू मी काही भलतंच मागत होते. शेड्यूल एचवन म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात पाठ झालं: सवय लागू शकणारी काही औषधं आणि काही जपून वापरायची प्रतिजैविकं २०१४ पासून या यादीत आहेत. दुकानदाराने ती वेगळ्या रजिस्टरात नोंदवायची, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. तपासणीला माणूस आला की आधी तेच मागतो. तेव्हा त्या फार्मासिस्टची भीती रास्त होती, एवढं आज कबूल करते. त्या संध्याकाळी केलं नव्हतं.

"मग रजिस्टरात लिहा ना."

"कुणाचं नाव लिहू? खारी?"

तिसऱ्या दुकानात तर सल्लाच मिळाला. "कशाला त्रास करून घेता? तुमच्या फॅमिली डॉक्टरांना सांगा, झोप लागत नाही म्हणून. तुमच्या नावावर लिहून देतील. पाच मिनिटांचं काम." खरं सांगते, घरी येईपर्यंत माझं मन जवळजवळ तयार झालं होतं. झोप लागत नव्हती हेही खोटं नव्हतं. शेवटी नवऱ्याने एकच विचारलं, "आणि गोळीने तिला काही झालं तर डॉक्टरांना काय सांगशील, कुणाच्या चिठ्ठीवर दिली?"

मंगळवारी चौथं दुकान. गल्लीतलं, जुनं, लाकडी खणांचं. काउंटरवर साठी उलटलेले काका. मी चिठ्ठी देण्याआधीच भांडायच्या तयारीत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चिठ्ठी नाकाजवळ धरली आणि विचारलं, "यावर तुमचं नाव कुठंय?"

"औषध मला नकोय!" मी ओरडलेच.

काका शांत. "जनावराचं औषध असलं की मालकाचं नाव आणि पत्ता लागतो, ताई. जनावराचं कसलं नाव? नियमच आहे तसा. डॉक्टरांकडून तेवढं लिहून आणा, मी देतो."

चिठ्ठीवर होतं: 'खारी, कुत्री, ६ वर्षं, १८ किलो.' खाली डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख. सगळं होतं. फक्त मी नव्हते.

रात्री मोबाइलवर शोधून पाहिलं. औषधं नियम, १९४५ (आधीचं नाव औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं नियम). त्यातला नियम ६५. चिठ्ठीवर काय काय हवं याची यादी आहे, आणि त्यात स्वच्छ म्हटलंय की औषध जनावरासाठी असेल तर जनावराच्या मालकाचं नाव व पत्ता. म्हणजे कायद्याने कुत्र्याची चिठ्ठी धरलेलीच आहे. तीन दुकानं, दोन संध्याकाळी, आणि 'एक ओळ कमी आहे' एवढं सांगायला कुणी तयार नाही. नाही म्हणणं सोपं असतं ना. राग अजून गेलेला नाही, म्हणून तर हे लिहितेय.

डॉक्टर बुधवारी गावाहून आले. कंपाउंडरने आधी सुचवलं होतं की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवते, पण काकांनी फोटोवर एचवन देणार नाही असं बजावलं होतं. गुरुवारी नवी चिठ्ठी घेऊन गेले. काकांनी लांबोळकं रजिस्टर काढलं, दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन झटकलं, आणि माझं पूर्ण नाव, फ्लॅट नंबरसकट पत्ता, असं सावकाश उतरवलं. मग पेन हवेत थांबलं. "पुढे कंसात काय लिहू? श्वान की कुत्री?" मी म्हटलं, काहीही लिहा. त्यांनी 'श्वान' लिहिलं. तपासणीवाल्याला बरं दिसेल म्हणाले.

तेव्हा चिठ्ठी हातात पडली की दवाखान्यातच उभं राहून बघा: तुमचं नाव, पत्ता, एकूण किती गोळ्या. आणि हे दसऱ्यालाच करून टाका.

औषध मिळालं म्हणजे लगेच लक्ष्मीपूजनाला द्यायचं असं नाही. आधी एकदा शांत दिवशी देऊन बघायचं, कारण क्वचित एखादं कुत्रं या गोळीने शांत व्हायच्या ऐवजी उलट पिसाळल्यासारखं धावतं. आम्हाला तो शांत दिवस वसुबारसेचाच मिळाला, तोही दुपारी. खारी थोडी झिंगली, भांड्यातल्या पाण्याकडे बराच वेळ बघत बसली, मग जेवली. ठीक.

आणखी एक, जे मी स्वतःहून डॉक्टरांना विचारलं. फटाके म्हटलं की सगळे संध्याकाळ धरून चालतात. आपल्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे पाचला, कारेट फुटायच्या आधी बॉम्ब फुटतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रात्री ८ ते १० अशी वेळ घालून दिली खरी, पण पहिल्या अंघोळीच्या पोरांना ते कोण सांगणार? आवाज सुरू व्हायच्या आधी औषध पोटात जायला हवं, म्हणजे त्या दिवशी गजर चारचा. दोन डोसांत किती अंतर हवं, तेही आधीच विचारून ठेवा.

बाकी तयारी साधी. बाथरूमशेजारचा पॅसेज, कारण तिथे खिडकी नाही. जुनी गादी, वर माझा न धुतलेला गाऊन. पंखा फुल, वॉशिंग मशीन रिकामंच चालू, आणि मोबाइलवर तानपुरा. तानपुरा गाण्यापेक्षा चांगला, मध्येच थांबत नाही. फिरवून आणायचं चार वाजता, ऊन असतानाच. आणि ती जवळ आली तर खुशाल कुशीत घ्या. 'लाड केले की भीती वाढते' असं सासूबाईही म्हणत होत्या, पण डॉक्टरांनी ते साफ खोडून काढलं. भीती म्हणजे काही हट्ट नव्हे.

गणपती विसर्जनानंतर आवाजाची सवयही सुरू केली होती: फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात, सोबत उकडलेल्या चिकनचा तुकडा, रोज किंचित मोठं. रॉकेटच्या शिट्टीला ती सरावली. सुतळी बॉम्बला नाही. छोट्या स्पीकरमधून नुसता आवाज येतो, छातीत बसणारा दणका येत नाही. शिवाय दीड महिना फार कमी पडला. पुढच्या वेळी उन्हाळ्यात सुरू करणार आहे.

लक्ष्मीपूजनाला, २१ तारखेला, ती गाऊनवर हनुवटी टेकून पडली होती. डोळे मिटलेले. मोठ्या धमाक्याला डोकं उचलायची, माझ्याकडे बघायची, परत टेकवायची. नऊ वाजता तिने अर्धी पोळी खाल्ली. फटाके चालू असताना खारीने काही खाल्लं, हे सहा वर्षांत पहिल्यांदा. मी तो फोटो काकांना दाखवून आले.

मग २ नोव्हेंबर आला. मुलींची क्रिकेट वर्ल्डकप फायनल, पावसाने उशिरा सुरू झालेली. जिंकलो तर फटाके वाजणार हे मला सुचायला हवं होतं. गोळ्या खणात होत्या, गजर नव्हता. बारा वाजता दीप्तीच्या चेंडूवर हरमनप्रीतने मागे धावत कॅच घेतला, आणि मी सोफ्यावर उभी राहून किंचाळले. खारी कॉटखाली गेली ती माझ्या आवाजाने. फटाके त्यानंतर सुरू झाले.